खड्डा ठेवा, म्हटलं होतं मी

नाही ठेवला! कुण्णी म्हणून कुण्णी माझ्यावर विश्वास ठेवला नाही! नवऱ्याला सांगितलं, तो म्हणाला, "तू आधी चहा टाक." डॉक्टरांना सांगितलं, ते म्हणाले, "तुम्हाला झोप नीट लागते का? एक गोळी लिहून देऊ?" आता बघा, आजारी कोण, तर सासूबाई, आणि गोळी कुणाला, तर मला! आणि त्या गॉगल बनवणाऱ्या पोरीला सांगितलं, तर तिनं सगळं मान डोलावून ऐकून घेतलं, गोड हसली, आणि म्हणाली, "काकू, तुमचा फीडबॅक आमच्यासाठी फार मोलाचा आहे." मोलाचा म्हणजे काय ते मला आत्ता कळलंय. मोलाचा म्हणजे कपाटात जपून ठेवायचा. वापरायचा नाही!

तुम्हाला सांगते, मी काही उठसूट घाबरणारी बाई नाही. एकदा गॅसची नळी पेटली होती स्वयंपाकघरात, आमचे हे तर घर सोडून जिन्यात पळाले, आणि मी ओलं गोणपाट टाकून ती विझवली, नवी नळी लावून घेतली आणि त्याच शेगडीवर यांना चहा करून दिला. पण या गॉगलच्या भानगडीत मी जी घाबरले... नुसती घाबरले नाही, हातपाय गार पडायचे माझे, भरदुपारी! आणि का घाबरले ते कुणाला सांगायला जावं, तर विश्वास ठेवेल तर शपथ!

थांबा, असं अर्धवट नको, नीट सांगते.

आमच्या सासूबाई लिफ्ट चालवायच्या. हसू नका. मोठं दुकान होतं, मजल्यांवर मजले, खाली साबण-अत्तरं, वर गाद्या-पडदे, आणि मधोमध जाळीच्या दरवाज्याची लिफ्ट. आत उंच स्टुलावर सासूबाई. पितळी दांडा फिरवला की वर, उलटा फिरवला की खाली. गिऱ्हाइकं त्यांना घाबरायची. मालकसुद्धा घाबरायचे. सून म्हणून मी त्या घरात आले तेव्हा मला वाटलं, बाई नोकरीवरून घरी आल्या की दांडा तिथेच ठेवून येत असतील. कसलं काय! घरातही तेच. "ए, मध्ये उभी राहू नकोस! ए, ती पिशवी बाजूला घे!" आमचं दोघींचं इतकं कडाक्याचं जुंपायचं की शेजारचे रेडिओ बंद करून ऐकायचे.

मग विसरायला लागल्या. आधी चष्मा, मग दिवस, मग मीठ घातलं की नाही, मग जेवण झालं की नाही. डॉक्टर म्हणाले, डिमेन्शिया. मी म्हटलं, असेल बाई, म्हातारपण आहे, चालायचंच. मला भीती कधी वाटली सांगू? एक दिवस मी त्यांच्या केसांना तेल लावत होते, आणि त्या वळून मला म्हणाल्या, "अहो बाई, तुम्हाला उगाच त्रास. तुमचे फार उपकार आहेत."

अहो! तुम्ही! उपकार!

तेलाची बाटली पडली माझ्या हातातून. आजवर त्या बाईनं मला एक बरा शब्द दिला नव्हता, आणि आता एकदम अहो-जाहो! मुलाला ओळखतात, जावयाला ओळखतात, टीव्हीवरच्या बातम्या देणाऱ्याला नमस्कार करतात, आणि मला? मी कोण, तर पगारी बाई! तशी मी रडणारी नाही, पण त्या दिवशी न्हाणीघरात जाऊन नळ मोठा सोडून उभी राहिले. यांना सांगितलं, तर म्हणतात, "बरं झालं की, भांडणं थांबली." आता या माणसाला काय सांगावं? ज्या बाईशी मी जन्मभर भांडले ती बाई गेली कुठे, आणि माझ्या घरात ही कोण सभ्य म्हातारी येऊन बसलीय? हे म्हटलं तर कुणी विश्वास ठेवेल तर शपथ!

तर मग यांनी कुठूनतरी शोधून काढलं, की एक कंपनी आहे, ती विसरणाऱ्या माणसांसाठी गॉगल बनवते. डोळ्यांवर चढवायचा, की त्यात त्यांची जुनी जागा दिसते, जशीच्या तशी, मान वळवली की मागचंही दिसतं. व्हर्च्युअल रिॲलिटी. त्यांना बनवताना सल्ला द्यायला आजारी माणूस आणि त्याच्या घरचं माणूस असं दोघं हवं होतं. घरचं माणूस म्हणजे मी. चौथी शिकलेली सल्लागार!

गेलो त्यांच्या ऑफिसात. सगळीकडे काच. भिंत काचेची, दार काचेचं, आणि कुठली भिंत नि कुठलं दार हे कळायला काही खूण नाही! मी सरळ चालत गेले आणि भिंतीवर नाक आपटलं. म्हटलं, झालं, ही माणसं आता वाट चुकणाऱ्यांसाठी जागा बांधणार! तिथे ती पोरगी भेटली. अंबाड्यात पेन्सिल खोचलेली, आणि सगळं लिहायची मात्र कॉम्प्युटरवर. मी तिला पेन्सिलवालीच म्हणते. वाईट नाही हो पोरगी. सासूबाईंच्या पुढ्यात गुडघे टेकून बसली आणि विचारलं, "आजी, तुम्हाला कुठे जायला आवडेल?" आमचे हे मध्येच, "आमच्या जुन्या घरी, आमच्या जुन्या घरी!" आणि सासूबाई म्हणाल्या, "मला ड्युटीला उशीर होतोय."

मग बनवली त्यांनी लिफ्ट. काय बनवली म्हणून सांगू! जुने फोटो मिळवले, पितळी दांडा अगदी तस्सा, घंटा तश्शी, स्टुलावरची फाटकी गादीसुद्धा. सासूबाईंच्या डोक्यावर तो गॉगलचा डबा चढवला, हातात बटणांच्या दोन मुठी दिल्या, आणि तुम्हाला सांगते, ती वाकलेली पाठ... ताठ झाली! गळ्यातून असा आवाज आला की काचा थरथरल्या. "तिसरा मजला! गाद्या, उशा, पडदे! बाईसाहेब, मुलाला कडेवर घ्या, जाळीत बोट घालतंय ते!" आमचे हे रुमालात तोंड घालून रडायला लागले. पेन्सिलवाली रडायला लागली.

पण मी त्यांच्या पायांकडे बघत होते.

का? तर तुम्हाला सांगते. सासूबाईंची एक सवय. दार कुठलंही असो, लिफ्टचं, बसचं, न्हाणीघराचं, आधी खाली बघायचं, मग पाय. त्यांच्या उमेदीत, शेजारच्या लिफ्टवरची एक बाई जाळी ओढून खाली न बघता आत शिरली, आणि लिफ्ट होती वरच्या मजल्यावर. झालं. त्या दिवसापासून सासूबाई स्वतःच्या घरातही उंबऱ्यापाशी थांबून, खाली बघून मग आत यायच्या. आजारात नावं गेली, वार-तारखा गेल्या, मी गेले, पण ती खाली बघायची नजर गेली नव्हती. आणि त्या डब्यात त्यांनी जाळी ओढली, आणि टाकला पाय! बघितलंच नाही!

मी पेन्सिलवालीला म्हटलं, "अगं पोरी, तुझ्या त्या लिफ्टमध्ये खाली खड्डा दिसतो का गं? लिफ्ट नसली म्हणजे?"

"नाही काकू. आम्ही खड्डा ठेवलाच नाही. भीती वाटेल असं काहीच ठेवायचं नाही, हा आमचा पहिला नियम. अंधार नाही, खड्डा नाही, मोठा आवाज नाही. जाळी उघडली की लिफ्ट समोर असतेच."

"असतेच म्हणजे? कधीतरी वर गेलेली असेल ना?"

"नाही. नेहमी समोर."

"नेहमी?"

"नेहमी, काकू. शांत अनुभव."

मला लगेच आमचा जिना आठवला. कारण आम्ही राहतो त्या इमारतीतही जाळीचीच लिफ्ट आहे! जुनी, खडखडणारी. लिफ्ट मजल्यावर नसली की जाळी उघडू नये म्हणून आत एक खटका असतो, आणि आमच्या मजल्यावरचा तो खटका मेलाय! ओढली की उघडते जाळी, लिफ्ट असो वा नसो! आता सांगा, डब्यातली जाळी शिकवते, की न बघता पाय टाक, काही होत नाही. आणि तीच बाई संध्याकाळी माझ्या दारासमोरच्या जाळीपाशी!

मी म्हटलं, "खड्डा ठेवा."

पेन्सिलवाली म्हणाली, "आजी घाबरतील हो."

"घाबरू दे! घाबरत होत्या म्हणून तर एवढी वर्षं धडधाकट घरी आल्या!"

"काकू, तुम्ही खूप ताणाखाली आहात," म्हणाली, आणि मला पाण्याचा ग्लास दिला. मी खड्डा मागत्येय, मिळालं पाणी! सगळं ऑफिस बघत होतं माझ्याकडे, जशी काही मी म्हातारीला ढकलायलाच निघाल्येय. सासू-सुनेचं काय असतं ते सगळ्यांना माहीत असतं ना! सून म्हणतेय खड्डा ठेवा, मग तर कुणी विश्वास ठेवेल तर शपथ!

मग मी लिफ्ट दुरुस्तीवाल्याला गाठलं. तो आला, जाळी ओढली, उघडली, आत डोकावला, पुन्हा लावली.

"चालतंय की, ताई."

"अरे, हेच तर! उघडायला नको ना!"

"मग लिफ्ट नसताना उघडता कशाला?"

"मी नाही उघडत! आमच्या सासूबाई उघडतील!"

"मग त्यांना सांगा ना, उघडू नका म्हणून."

सांगा त्यांना! ज्या बाईला सकाळी जेवलेलं दुपारी आठवत नाही तिला सांगा! खटका मागवलाय म्हणाला, येईल म्हणाला. कशातून येतोय तो, बैलगाडीतून? घाला म्हटलं निदान एक कुलूप, तर म्हणतो लिफ्टला कुलूप घालायची परवानगी नाही, माणसं अडकतील. पडली तर चालेल, अडकायला नकोत!

आणि इकडे ते गॉगलचे प्रयोग चालूच. आणि सासूबाई... बदलायला लागल्या हो. गाडीतून उतरताना खाली बघेनात. न्हाणीघराच्या पायरीवर अडखळल्या, मी धरलं म्हणून वाचल्या, आणि वर मलाच म्हणतात, "धन्यवाद बाई." मी यांना सांगितलं, "अहो, आई पायाखाली बघत नाहीत हल्ली." हे म्हणाले, "अगं, आत्मविश्वास वाढलाय तिचा!" आत्मविश्वास! खड्ड्याच्या तोंडाशी असलेल्या माणसाला आत्मविश्वास कशाला हवाय? त्याला भीती हवी! मी बाहेरच्या दाराच्या कडीला घुंगरांचा जुडगा बांधला, म्हणजे दार उघडलं की वाजेल. यांनी काढून टाकला. डोकं दुखतं म्हणे त्या आवाजानं. मग मी दाराशी खुर्ची टाकून बसायला लागले. भाजी तिथेच, शिवण तिथेच, जेवणही तिथेच. डोळा लागला की दचकून उठायची, आणि आधी सासूबाईंची खाट बघायची. स्वप्नातसुद्धा ती जाळी ओढल्याचा आवाज यायचा मला... खर्रर्र... आणि मग काहीच नाही. ते काहीच नाही असायचं ना, ते फार वाईट.

वजन उतरलं माझं. शेजारीण म्हणाली, "बारीक झालीस, छान दिसतेस." घ्या!

मग तो दिवस. पेन्सिलवाली घरी आली, डबा घेऊन, वायरी घेऊन. म्हणे, घरच्या घरी कसं चालतं ते बघायचंय. सासूबाईंना खुर्चीत बसवलं, गॉगल चढवला, त्यांनी सगळे मजले फिरवले, गिऱ्हाइकांना दटावलं, खूश होत्या. गॉगल काढला. पेन्सिलवाली खाली बसून वायरी गुंडाळतेय, हे तिला आपलं बालपण सांगताहेत, आणि मला म्हणतात, "पाहुणी आलीय, ऊठ की जरा दारातून, चहा टाक." उठले! मी काय दगड आहे? पाहुणीला चहा नको? गेले, भांडं विसळलं, पाणी ठेवलं...

खर्रर्र.

तुम्हाला सांगते, आधी मला वाटलं, स्वप्नातलंच. मग बाहेर आले ओल्या हातांनी. खुर्ची रिकामी. दार सताड उघडं. हे अजून बालपणच सांगताहेत!

ओरडायला गेले तर आवाजच नाही! माझ्या घशातून! कोरडाठाक! पळत सुटले. जिन्याच्या चौकात लिफ्ट, जाळी पूर्ण उघडी, आणि पलीकडे... काही नाही. काळोख, आणि त्या जाड तारा हळूहळू हलताहेत, आणि खालून ते ग्रीसच्या वासाचं गार वारं येतंय. आणि त्या काळोखाच्या तोंडाशी सासूबाई, ताठ उभ्या, हात पुढे. एक पाऊल, एकच! मी झेप घेतली धरायला, आणि माझे पाय ओले, आणि ती गुळगुळीत फरशी, आणि तुम्हाला सांगते, मी थांबलेच नाही! घसरले! सासूबाईंना ओलांडून पुढे! मला समोर तो काळोख दिसला, असा, तोंडासमोर, आणि डोक्यात एकच आलं, गॅस चालू राहिला.

आणि धाड्कन छातीवर काहीतरी आदळलं. हात! सासूबाईंचा डावा हात, रेल्वेच्या फाटकासारखा आडवा! "मागे!" त्या ओरडल्या. "मागे व्हा! लिफ्ट आलेली नाही, दिसत नाही का?" मी तिथल्या तिथे बसकण मारली. माझी एक चप्पल मात्र गेली सुटून. आत. आणि तिचा खाली आपटल्याचा आवाज... येता येईना. आला तेव्हा मला घेरीच आली.

सासूबाईंनी खाली वाकून बघितलं, नीट. मग जाळी ओढून लावली, हलवून बघितली, आणि माझ्यावर डोळे वटारून म्हणाल्या, "आधी खाली बघायचं बाई, मग पाय. साधी गोष्ट कळत नाही?"

मला! मला सांगताहेत! जी मी रात्रंदिवस सगळ्या जगाला हेच सांगत फिरतेय!

मग काय, तोवर सगळे धावले. आणि दुरुस्तीवाला, जो एरवी फोन उचलत नाही, तो नेमका खालच्या मजल्यावर होता, माझी चप्पल हातात घेऊन वर आला, "कुणाची आहे ही? लिफ्टच्या खड्ड्यात कचरा टाकता?" पेन्सिलवाली पांढरीफटक. आणि सुरू झालं! दुरुस्तीवाला म्हणतो, म्हातारीला तो खेळण्यातला डबा घालून कुणी नादाला लावलं? पेन्सिलवाली म्हणते, खटका कुणी दुरुस्त केला नाही? मग दोघं मिळून यांच्यावर, दार उघडं कुणी टाकलं? आणि हे? हे माझ्याकडे वळले! "तू दाराशी बसायचीस ना रोज? आज कुठे गेली होतीस?"

चहा! चहा टाकायला गेले होते, तुमच्याच पाहुणीचा!

आणि वर सगळ्यांचं एकमत काय, तर म्हणे बघा, आजींनी खाली बघितलंच की! विसरल्या नव्हत्या की! काकू उगाच घाबरत होत्या. उगाच! म्हणजे जाळी उघडी होती ती खरी, खड्डा खरा, चप्पल आपटली ती खरी, आणि खोटी कोण, तर मी! मी जमिनीवर बसलेली, एका पायात चप्पल, आणि मला पटवून देताहेत की घाबरण्यासारखं काही नव्हतं! आता तरी विश्वास ठेवतील? ठेवतील तर शपथ!

इतक्यात सासूबाईंनी जाळीवर थाप मारली. "गप्प! माझ्या लिफ्टसमोर गोंधळ नको. जाळी उघडी कुणी टाकली? मालकांकडे तक्रार जाणार आहे. एकाचं नाव जाणारच."

जाळी त्यांनीच उघडली होती, पण सांगणार कोण? पेन्सिलवाली मऊ आवाजात म्हणाली, "आजी, कुणाचं नाव लिहू?"

सासूबाईंनी दुरुस्तीवाल्याकडे बघितलं. "हा नवा आहे, याला अजून दांडा धरता येत नाही." यांच्याकडे बघितलं. "हा माझा मुलगा. याला घरचं दारसुद्धा धड उघडता येत नाही, हा जाळी काय उघडणार!" पेन्सिलवालीकडे बघितलं. "तुम्ही गिऱ्हाईक. गिऱ्हाइकाचं नाव लिहीत नाहीत." आणि मग माझ्याकडे वळल्या. माझ्या अनवाणी पायाकडे, मग तोंडाकडे. खूप वेळ बघत राहिल्या. मी मनात म्हटलं, म्हणा, म्हणा आता 'अहो बाई', सवय झालीय मला.

"ही," म्हणाल्या. "दुसरं कोण असणार? हीच. सगळी उचापत हिचीच असते."

हीच! अहो, 'ही' म्हणाल्या, 'तुम्ही' नाही! मी कान टवकारले. पेन्सिलवाली विचारते, "यांचं नाव काय, आजी?" आणि तुम्हाला सांगते, माझं खरं नाव त्यांनी कधी उच्चारलंच नव्हतं, चांगल्या होत्या तेव्हाही. माझा आवाज ऐकून लग्नाच्या दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला एक नाव ठेवलं होतं, चारचौघांत हाक मारायच्या, मी चिडून चिडून अर्धी व्हायची. आजार सुरू झाल्यापासून ते कानावर पडलं नव्हतं. मी पेन्सिलवालीला कधी सांगितलं नव्हतं, लाज वाटायची. त्या गॉगलमध्ये ते कुणी घातलेलं नव्हतं. आरोप? घेते! जाळी मीच उघडली, खटका मीच तोडला, लिफ्टसुद्धा मीच वर पाठवली! लिहा माझ्या नावावर सगळं, फक्त त्या नावावर लिहा...

सासूबाईंनी बोट रोखलं माझ्यावर, आणि पेन्सिलवालीला म्हणाल्या, "लिहा: भोंगा."